जिम लावलीत? दुधाचा हिशेब आधी मांडा

जिमची फी भरून आठवडा होत नाही तोच दोन सल्ले घरबसल्या मिळतात. आई म्हणते, "आता रोज तांब्याभर दूध पी, नाहीतर खंगशील." जिममधला सीनियर म्हणतो, "दूध-बिध सोड, प्रोटीन पावडरचा डबा घे." दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. फक्त किती, कोणतं आणि कशासाठी, याचा आकडा दोघांकडेही नसतो. हा लेख त्या आकड्यांसाठी आहे. ज्यांनी नुकतीच वजनं उचलायला सुरुवात केली आहे आणि ज्यांच्या घरी दुधाचा रतीब आधीपासूनच चालू आहे, त्यांच्यासाठी.

पहिलं काम: वहीत एक दिवस लिहून काढा

दूध वाढवण्याआधी आपल्याला कमी काय पडतंय ते पाहा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2020 च्या शिफारशीनुसार साधारण निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात. वजनं उचलणाऱ्याची गरज याहून जास्त असते. क्रीडापोषणातले बहुतेक अभ्यासक 1.4 ते 2 ग्रॅम सांगतात. नवख्याने 1.6 धरून चालावं. त्यापुढे प्रथिनं वाढवून स्नायू वाढल्याचं फारसं दिसत नाही, खर्च मात्र वाढतो.

म्हणजे वजन 60 किलो असेल तर दिवसाला 96 ग्रॅम. आता कालचा दिवस आठवा आणि प्रामाणिकपणे लिहा. सकाळी बशीभर कांदेपोहे, 4 ग्रॅम. दोन वेळचा चहा, त्यात मिळून शंभरेक मिली दूध, 3 ग्रॅम. दुपारी डब्यात तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर वरण आणि भात, सगळं मिळून 18 ते 20. संध्याकाळी बिस्किटं, जेमतेम 2. रात्री दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, थोडा भात, 17 ते 18. बेरीज पंचेचाळीसच्या आसपास जाते. डाळ पातळ असेल किंवा उसळीऐवजी पालेभाजी असेल तर तिथेही पोहोचत नाही.

म्हणजे खड्डा निदान 50 ग्रॅमचा आहे. अर्धा लिटर दुधात असतात 16 ग्रॅम. नुसत्या दुधाने हा खड्डा भरायचा तर दीड लिटर प्यावं लागेल, आणि ते कुणी रोज पिऊ शकत नाही, पिऊही नये. म्हणून दुधाला त्याच्या वाट्याचं काम द्या, बाकीचं ताटाला. पोह्यांऐवजी दोन अंडी किंवा मूगडाळीची दोन घावनं, बटाट्याऐवजी चवळी-मटकी, आठवड्यातून दोन-तीनदा मूठभर सोयाबीनच्या वड्या (25 ग्रॅम कोरड्या वड्यांत 13 ग्रॅम प्रथिनं असतात) आणि दिवसभरात अर्धा लिटर दूध. एवढ्याने बरंच अंतर कापलं जातं.

दूध खरंच काम करतं का?

करतं. पण किती, ते नीट समजून घ्या.

कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात झालेला आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आपल्या प्रश्नाला नेमका लागू पडतो. वजनं उचलण्याची सवय नसलेल्या 56 तरुणांना 12 आठवडे, आठवड्यातून पाच दिवस व्यायाम दिला. व्यायाम झाला की लगेच आणि पुन्हा एका तासाने, असं दोनदा प्रत्येकाला पेय दिलं. एका गटाला अर्धा-अर्धा लिटर साय काढलेलं दूध, दुसऱ्याला तेवढ्याच प्रथिनांचं सोयाचं पेय, तिसऱ्याला तेवढ्याच उष्मांकाचं नुसतं पिष्टमय पेय. चरबी सोडून बाकीचं वजन दूधवाल्यांचं सरासरी 3.9 किलोने वाढलं, सोयावाल्यांचं 2.8 आणि तिसऱ्या गटाचं 2.4.

जाहिरातवाले यातला 3.9 उचलतात. मी तुम्हाला 2.4 कडे बघायला सांगेन. ज्यांना दूध मिळालंच नाही, त्यांचंही वजन अडीच किलोच्या आसपास वाढलं, कारण त्यांनी आठवड्यातून पाच दिवस इमानदारीत वजनं उचलली. दुधाने त्यावर दीड किलोची भर घातली. ही भर चांगली आहे, स्वस्त आहे, घ्यावीच. पण व्यायामाला दांड्या मारून घरी दुधाचे ग्लास रिचवणाऱ्याला ती मिळत नाही. 2010 मध्ये त्याच विद्यापीठाने तरुण मुलींवर असाच अभ्यास केला. दूध पिणाऱ्या मुलींचे स्नायू वाढले आणि चरबी उतरली. "दूध आणि जिम दोन्ही केलं तर मुलगी जाडजूड दिसेल" असं म्हणणाऱ्या मावशींना हे सांगून उपयोग होतोच असं नाही, पण सांगायला हरकत नाही.

दूध का चालतं, तर त्यातली साधारण 80 टक्के प्रथिनं केसीनची असतात आणि 20 टक्के व्हेची. व्हे लवकर पचतं, केसीन पोटात घट्ट होऊन सावकाश उतरतं. शिवाय स्नायू बांधायला चालना देणारं ल्युसीन नावाचं अमिनो आम्ल दुधाच्या प्रथिनांत भरपूर असतं. डब्यातली महागडी व्हे पावडरही मुळात दुधातूनच निघते.

पिशवी निवडताना

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून इथे जरा थांबतो.

दुधाच्या पिशवीचे प्रकार ठरतात ते मुख्यतः स्निग्धांशावर, म्हणजे फॅटवर. फुल क्रीममध्ये निदान 6 टक्के, गायीच्या दुधात निदान 3.2, टोन्डमध्ये 3, डबल टोन्डमध्ये 1.5 आणि स्किम्डमध्ये जास्तीत जास्त 0.5. प्रथिनं मात्र यांतल्या कुठल्याही पिशवीत शंभर मिलीला 3 ते 3.5 ग्रॅमच असतात. म्हशीच्या निर्भेळ दुधात थोडी जास्त, पावणेचारच्या आसपास. म्हणजे "घट्ट दूध, जास्त ताकद" यातला घट्टपणा बहुतेक सायीचा असतो.

अर्धा लिटर फुल क्रीममध्ये 30 ग्रॅम स्निग्धांश, अर्धा लिटर डबल टोन्डमध्ये साडेसात. फरक झाला रोज दोनशे उष्मांकांचा, आणि तोही प्रथिनांत काडीचा फायदा न होता. त्यामुळे:

- पोट सुटलंय आणि ते कमी करायचंय, तर डबल टोन्ड किंवा स्किम्ड.
- बारीक आहात, खाल्लेलं अंगी लागत नाही, तर फुल क्रीम किंवा म्हशीचं खुशाल प्या. तुम्हाला उष्मांकच हवेत.
- मधले असाल तर गायीचं किंवा टोन्ड.

घरी सगळ्यांसाठी म्हशीचंच दूध येत असेल तर वेगळी पिशवी लावायची गरज नाही. दूध तापवून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा आणि सकाळी जाड साय अलगद उचलून तुपासाठीच्या भांड्यात टाका. सायीबरोबर निघून जातं ते बहुतांशी लोणी, प्रथिनं खाली दुधातच राहतात. घरात तूपही झालं आणि तुमचं दूधही हलकं झालं.

तबेल्याचं सुटं दूध घेत असाल तर एक अडचण आहे: त्यावर लेबल नसतं. त्यात पाव हिस्सा पाणी असेल तर प्रथिनंही पाव हिश्श्याने गेली आणि तुमचा सगळा हिशेब कोलमडला. भरवशाचा गवळी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर पिशवी बरी.

आता बाजारात "हाय प्रोटीन" म्हणून खास दूध, ताक, लस्सी मिळतात. बारीक गाळणीतून पाणी आणि दुग्धशर्करा काढून, किंवा वरून दुधाचीच प्रथिनं घालून ती बनवतात. सोयीची आहेत, प्रवासात तर फारच. घेताना पुढचे मोठे आकडे सोडा, पाठीमागचा तक्ता वाचा. तिथे दोन रकाने असतात, एक शंभर मिलीचा आणि एक पूर्ण बाटलीचा. तुलना नेहमी शंभर मिलीवर करा. त्याच तक्त्यात "अ‍ॅडेड शुगर" बघा. चॉकलेट आणि केशर-पिस्ता वगैरे चवींमध्ये ती कधीकधी चांगलीच असते.

बदाम दूध, ओट दूध या भानगडीत प्रथिनांसाठी पडू नका. डबाबंद बदाम दुधात शंभर मिलीला एक ग्रॅमही प्रथिनं नसतात. प्राणिजन्य काही खायचं नसेल तर बिनसाखरेचं सोया दूध हा त्यातल्या त्यात खरा पर्याय.

कच्चं दूध आणि कोल्हापूर

तालमीचा विषय निघाला की धारोष्ण दूध येणारच. कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हैस समोर उभी असते, धार काढली जाते आणि फेसाळ पेला थेट हातात. जोर-बैठका मारून आलेली पोरं तिथे उभ्या-उभ्या पितात. बघायला झकास आहे, चवीलाही. तरी सल्ला विचाराल तर मी उकळलेलंच दूध प्या म्हणेन. कच्च्या दुधातून ब्रुसेला आणि क्षयाचे जंतू येऊ शकतात, आणि जनावर वरून धडधाकट दिसतं यावरून काही कळत नाही. उकळल्याने प्रथिनं "मरतात" हा समज खोटा आहे. ती थोडी उलगडतात, पण अमिनो आम्लं तीच राहतात आणि पोटाला तेवढीच कळतात.

पैलवानाचा खुराकही जसाच्या तसा उचलू नका. तूप, लोणी, बदामाची थंडाई हे सगळं पहाटेपासून तास न् तास माती घोटणाऱ्याच्या अंगात जिरतं. तुम्ही पाऊण तास जिम करून आठ तास खुर्चीत बसणार असाल तर तेच तूप पोटावर दिसेल.

पहिला आठवडा पोटाचा

आपल्याकडे मोठेपणी दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, नीट न पचणारी माणसं भरपूर आहेत. बऱ्याच जणांना ते माहीतच नसतं, कारण दूध फक्त चहातून पोटात जात असतं. एकदम अर्धा लिटर प्यायलं की पोट फुगतं, गुडगुडतं, बाथरूमकडे पळावं लागतं, आणि मग "मला दूध सोसत नाही" असा निकाल लागतो.

तसा निकाल देण्याआधी हे करून पाहा. पहिले तीन-चार दिवस फक्त अर्धा कप, तोही रिकाम्या पोटी नाही, नाश्त्याबरोबर. त्रास झाला नाही तर एक कप. लॅक्टोज न पचणाऱ्यांपैकीही बहुतेकांना एका वेळी 12 ग्रॅमपर्यंत, म्हणजे एक कप दूध, फारसा त्रास न होता चालतं. मग दुसरा कप दिवसाच्या दुसऱ्या टोकाला घ्या, दोन्ही एकदम नको.

तरीही जमलं नाही तर दही लावा. विरजणातले जीवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच खाऊन टाकतात आणि उरलेलं पचवायला मदतही करतात. दही फडक्यात बांधून टांगलं की चक्का, श्रीखंडासाठी करतो तोच, फक्त साखर न घालता. पाणी गळून गेल्याने त्यात प्रथिनं दाटतात. चिमूटभर मीठ, जिरेपूड आणि किसलेली काकडी घालून वाटीभर चक्का भाकरीबरोबर फार छान लागतो. पनीरमध्ये तर लॅक्टोज अगदीच थोडं आणि प्रथिनं शंभर ग्रॅममागे 18 ते 20. लॅक्टोज-फ्री दूधही आता मोठ्या दुकानांत मिळतं.

ज्यांना दुधाच्या प्रथिनांचीच अ‍ॅलर्जी आहे, अंगावर पित्त उठतं, श्वास लागतो, त्यांच्यासाठी यातलं काहीच नाही. तो वेगळा आजार आहे.

ग्लास घट्ट करायची युक्ती

एका ग्लासात, म्हणजे 250 मिलीत, जेमतेम 8 ग्रॅम प्रथिनं येतात. एका वेळच्या खाण्यातून 20 ते 25 ग्रॅम मिळाली तर स्नायूंना चांगली चालना मिळते. हे अंतर भरायला किराणा दुकानातली एक जुनी वस्तू कामी येते: स्किम्ड मिल्क पावडर. शंभर ग्रॅममध्ये 34 ते 36 ग्रॅम प्रथिनं, स्निग्धांश जवळपास शून्य. 25 ग्रॅम पावडर, म्हणजे साधारण तीन मोठे चमचे, ग्लासभर दुधात घातली की 8 चे 17 ग्रॅम होतात. शेजारी दोन उकडलेली अंडी ठेवलीत तर 29.

घेताना एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. त्याच फळीवर, तशाच पाकिटात "डेअरी व्हाइटनर" मिळतं. ते चहासाठी असतं. त्यात साखर मिसळलेली असते आणि प्रथिनं साधारण वीस टक्के. पाकिटावर "स्किम्ड मिल्क पावडर" हेच शब्द हवेत आणि घटकांत साखर नको.

पावडर थेट गरम दुधात टाकलीत तर गुठळ्या होतात. बाहेरून ओल्या, आतून कोरड्या, आणि चमच्याने कितीही दाबल्या तरी ग्लासाच्या कडेला चिकटून बसतात. आधी दोन-तीन चमचे कोमट पाण्यात तिची पेस्ट करा, मग थोडं थोडं दूध ओतत ढवळा. शेकर असेल तर गार दुधात थेट चालतं. या पावडरीत निम्म्याहून किंचित जास्त लॅक्टोजच असतं, हे पोट नाजूक असणाऱ्यांनी ध्यानात ठेवा. अशांना साधं दूध सोसलं तरी हा घट्ट ग्लास सोसेलच असं नाही.

पैशांचं गणितही करून टाकू. दूध लिटरला 60 रुपये धरलं तर त्यातल्या 32 ग्रॅम प्रथिनांचा भाव ग्रॅमला दोन रुपयांच्या आत येतो. किलोचा व्हे पावडरचा डबा अडीच हजारांना घेतला आणि त्यात पाऊण किलो प्रथिनं धरली तर ग्रॅमला सव्वातीन रुपयांच्या पुढे. डबा वाईट नाही. ताटातलं सगळं सुधारूनही आकडा गाठता येत नसेल, किंवा लॅक्टोज अजिबात चालत नसेल, तर चांगल्या कंपनीचं आयसोलेट, म्हणजे लॅक्टोज जवळपास काढून टाकलेली व्हे पावडर, घ्यावं. पण पहिल्या महिन्यात ती घाई कशाला?

चॉकलेटी माल्ट पावडर घालून दूध "ताकदीचं" होत नाही, गोड होतं. नाचणी सत्त्वही कॅल्शियमसाठी उत्तम, प्रथिनांसाठी बेताचंच. त्यापेक्षा डाळ्याचं पीठ किंवा घरचं सातूचं पीठ दोन चमचे घाला. आणि शिकरण! केळं कुस्करून दूध घातलं की झालं, साखर वगळा. व्यायामानंतर पिष्टमय आणि प्रथिनं दोन्ही मिळतात. केळं-दूध विरुद्ध आहार की नाही, यावर घरोघरी वाद आहेत. पिढ्यान् पिढ्या शिकरण खाणाऱ्यांच्या देशात मी त्यात पडत नाही.

कधी प्यायचं

व्यायामानंतर अर्ध्या तासात प्यायलं नाही तर सगळं वाया, असं काही नाही. दिवसाची बेरीज महत्त्वाची. तरी व्यायामानंतरच्या दोन तासांत एक ग्लास घेतला की सवय लागते आणि विसरायला होत नाही. व्यायामाच्या तोंडावर मोठा ग्लास नको, स्क्वॉट मारताना तो घशाशी येतो. निदान दीड तास अंतर ठेवा.

रात्री झोपताना हळद-दूध प्यायला हरकत नाही. मात्र झोपेआधीच्या प्रथिनांवरच्या ज्या अभ्यासांचा दाखला दिला जातो, त्यांत 30-40 ग्रॅम केसीन दिलेलं असतं. तुमच्या पेल्यात 6-8 ग्रॅम. झोप छान लागते म्हणून प्या, तेवढं कारण पुरेसं आहे.

गोळ्या चालू असतील तर

थायरॉईडची गोळी आणि दूध यांत चार तासांचं अंतर हवं. लोहाची गोळी दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेतली तर लोह नीट शोषलं जात नाही. काही अँटिबायोटिक्सचंही तसंच, केमिस्टला किंवा डॉक्टरांना विचारा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांशी बोलणं सक्तीचं समजा. मधुमेह असेल तर ग्लासातली 12 ग्रॅम दुग्धशर्करा जेवणाच्या हिशेबात धरा.

वहीतले तीन रकाने

दर रविवारी सकाळी, काही खाण्यापिण्याआधी, वजन करा. बेंबीवरून टेप लावून कंबर मोजा. तिसऱ्या रकान्यात त्या आठवड्यात स्क्वॉट, बेंच प्रेस आणि रोइंगला किती किलो आणि किती रेप्स झाल्या, म्हणजे ते वजन सलग किती वेळा उचललं, ते लिहा. घरीच व्यायाम करत असाल तर जोर आणि बैठकांची संख्या.

सहा आठवड्यांनी तिन्ही रकाने शेजारी ठेवून बघा. उचलायचं वजन वाढतंय आणि कंबर आहे तिथेच आहे, तर काहीही बदलू नका. कंबर वाढतेय, तर दूध तेवढंच ठेवून पिशवी बदला, फुल क्रीमवरून डबल टोन्डवर या. शरीराचं वजन हललंच नाही आणि तुम्ही मुळात बारीक आहात, तर दुधाआधी पोळी-भात वाढवा. आणि तिसरा रकाना आठवड्यांमागून आठवडे तोच असेल, तर चूक दुधात शोधू नका. ट्रेनरला गाठा, झोप किती होतेय ते बघा, आणि पुढच्या सेटला अडीच किलोची प्लेट चढवून बघा.